चिखल आपल्याला विसरेपर्यंत

आमच्या भिवंडीच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, कपाट आणि भिंत यांच्या सांदीत एक फळी उभी असायची. माणसाच्या उंचीची, पुढच्या टोकाला जराशी वर उचललेली आणि खालच्या बाजूनं इतकी गुळगुळीत की बोट ठेवलं तर घसरावं. मी नव्यानं रुजू झालो तेव्हा ती कुणाची तरी इस्त्रीची फळी असेल असं समजून आडवी केली आणि तिच्यावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले. थोड्या वेळानं एक ठेंगण्या, सावळ्या बाई आल्या. त्यांनी माझे गठ्ठे एकेक करून टेबलावर ठेवले, फळी उचलून तिच्या जागी उभी केली आणि म्हणाल्या, "सर, ही गाडी आहे. हिच्यावर सामान नाही ठेवायचं."

ही रोकडे मॅडमची आणि माझी पहिली ओळख. डॉ. शैला रोकडे, प्राणिशास्त्र विभाग. मी मराठीचा, त्यातून घाटावरचा. खाडी म्हणजे पुलावरून जाताना ज्या ठिकाणी रिक्षाचा पडदा खाली ओढायचा ती जागा, एवढंच माझं खाडीविषयीचं ज्ञान. आणि ही फळी खरोखरच गाडी होती. ओहोटीला खाडीच्या पोटातला चिखल उघडा पडतो, त्यात माणूस कमरेपर्यंत रुततो. त्यावर ही फळी टाकायची, एक गुडघा तिच्यावर टेकायचा, दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि दुसऱ्या पायानं ढकलत सुटायचं. मॅडमचे वडील भिवंडीतच एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात कामाला होते. कारखान्यात कसलं तरी मशीन ज्या खोक्यातून आलं त्याची फळी त्यांनी मागून घेतली आणि लेकीसाठी रंधा मारून दिली होती. बाकीच्या पोरींना बाप सायकल घेऊन देतात, मॅडमना ही मिळाली.

त्यांच्या शेजारचं टेबल नेहमी रिकामं असे. कारण उघड होतं. मॅडमच्या पिशवीला, छत्रीला, चपलांना, एवढंच काय त्यांच्या डब्यालाही खाडीच्या काळ्या चिखलाचा वास यायचा. असं इतरांचं म्हणणं. माझं नाक लहानपणापासून बंद आहे, त्यामुळे मला ते टेबल दिलं गेलं आणि मला काही कळलंही नाही. माझ्या नाकाचा आयुष्यात झालेला हा एवढा एकच उपयोग, पण तो फार मोठा झाला.

आमच्याकडे टाइमटेबलवरून दर सत्राला भांडणं होत. कुणाला सकाळची पहिली तासिका नको, कुणाला शनिवार नको. मॅडमचं मागणं वेगळंच असे. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघून सांगत की अष्टमीला मला दुपारचं प्रॅक्टिकल ठेवू नका. आमच्या प्राचार्यांना यात भाबडेपणा दिसला. ते म्हणाले, तुमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो असताना तुम्ही तिथ्या कसल्या पाळता? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, मी उपास नाही करत. ओहोटी बघते." त्यानंतर पावसाचं पाणी कधी तुंबणार, हेही प्राचार्य त्यांनाच विचारू लागले.

रिक्षाच्या टपावर ती फळी बांधून त्या निघाल्या की भिवंडीचे रिक्षावालेसुद्धा चक्रावत. एकानं विचारलं, "मॅडम, लूम का पार्ट है क्या?" मॅडम म्हणाल्या, "हाँ भाई, खाडी में लूम लगाया है." तो बिचारा वाटभर कामाची चौकशी करत राहिला. त्याच्या मेव्हण्याला नोकरी हवी होती.

मला वाटायचं, ही बाई घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते. गावाबाहेर मैलोन् मैल गोडाऊनं उभी राहिली, कंटेनरच्या रांगा लागल्या, ज्याची खाडीकाठच्या खाजणात गुंठाभर जागा त्याच्या दारात चारचाकी आली, आणि ही शिकलीसवरलेली बाई चिखलात गुडघ्यावर रांगते. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. "एकदा चला," म्हणाल्या, "मग बोला."

आमच्या स्टाफची सहल एकदा अकलोलीला गेली होती, गरम पाण्याच्या कुंडांवर. आम्ही सगळे पाय बुडवून, वज्रेश्वरीहून आणलेली भजी खात बसलो होतो. मॅडम दिसेनात. शोधलं तर कुंडातून पाणी वाहून जिथं गार होत जातं तिथं त्या दगडावर पालथ्या पडलेल्या. दगडावरच्या हिरव्या बुळबुळीत थराकडे बघत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाल्या, दुधावर साय धरते ना, तशी ही पाण्याची साय आहे. ऊन खाऊन वाढते. खाडीच्या चिखलावरही असतेच, आपल्याला दिसत नाही एवढंच, पण तिच्यावर सगळं गाव जेवतं. मी म्हटलं, भजी गार होताहेत. त्या उठल्या नाहीत. तेव्हा मी हे बोलणं विसरूनही गेलो. पुढं ते मला फार आठवलं.

शेवटी एकदा गेलो. काल्हेर-कशेळीच्या बाजूला खाडीला लागून एक गाव आहे. गावामागं जुना मातीचा बांध, बांधापलीकडं उघडा चिखल. आपल्या वर्गाची पोरं घेऊन मॅडम निघाल्या होत्या, मी मागून चपला हातात घेऊन. बांधावर पोचलो तर एका अंगाला झाडांचा हिरवा पट्टा, आणि समोर काय? करड्या रंगाचं सपाट, ओलं, मेलेलं मैदान. एक प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली, एक चप्पल उलटी पडलेली. मी मनात म्हटलं, यासाठी डॉक्टरेट?

मॅडमनी सगळ्यांना बांधावर बसवलं. मोबाइल बंद, बोलणं बंद, खाकरणंसुद्धा बंद. एका मुलानं विचारलं, किती वेळ बसायचं? त्या म्हणाल्या, "चिखल आपल्याला विसरेपर्यंत."

बसलो. मुंग्या चावल्या. पायाला रग लागली. आणि मग त्या मेलेल्या मैदानाला एक भोक पडलं. भोकातून दोन डोळे वर आले, बेडकासारखे, डोक्याच्या वर बसवलेले. मग आणखी एक भोक. मग कुठं बघावं कळेना. बोटाएवढे, वितीएवढे मासे बाहेर आले, आणि चक्क चालायला लागले. पुढच्या परांवर कोपरं टेकल्यासारखं करत, सरपटत, थांबत. इकडं निवट्या म्हणतात त्यांना, एकटा असला तर निवटा. बाजारात टोपलीत बघितलेल्या, पण मासा जमिनीवर हवा खायला निघालेला मी कधी बघितला नव्हता. डोकं डावीकडं-उजवीकडं हलवत ते चिखल खरवडत होते, गाय चरते तसे. ती मॅडमची साय! मध्येच एकानं अंगाला पीळ दिला आणि हवेत उडी मारली, पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडला, त्यावर निळे ठिपके चमकले, आणि तो पुन्हा चिखलात पडला. लगेच दुसऱ्यानं मारली. त्यांच्यामधून लहान लहान खेकडे निघाले, एकच नांगी भलीमोठी, ती वर-खाली करत जणू सगळे मिळून कुणाला तरी बोलावत होते. नजर जाईल तिथपर्यंत चिखल हलत होता. मघाशी जे मैदान होतं ते आता भरलेलं गाव झालं होतं, आणि ते आधीपासून तिथंच होतं. फक्त आपण त्याला दिसत होतो म्हणून ते आपल्याला दिसत नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते का आलं हे मला आजही सांगता येत नाही. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही, आणि पुढंही कधी 'आता बोला' असं म्हणून दाखवलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा करायचं सोडलं. म्हणजे चिखलावरून करायचं सोडलं.

त्यांची एक रीत होती. मापायला, बघायला म्हणून उचललेला प्राणी ज्या बिळातून घेतला त्याच बिळात परत सोडायचा. उचलला की तिथं वेताची काडी रोवायची, काडीला रंगीत सूत बांधायचं. सूत भिवंडीत कमी नाही, लूमवाल्यांकडून त्या रंगीबेरंगी तुकडे गोळा करून आणत. एकदा एका विद्यार्थिनीनं घाईत लाल सुताचा निवटा पिवळ्या सुताच्या बिळात सोडला आणि बांधावर येऊन सांगितलं. भरती लागली होती, पाण्याची जीभ आत शिरत होती. मॅडम फळी टाकून परत गेल्या. आम्ही ओरडत होतो. त्यांनी त्या बिळाशी जाऊन, हात खांद्यापर्यंत आत घालून तो निवटा काढला, त्याच्या घरी सोडला आणि पाण्याच्या पुढं जेमतेम राहत परत आल्या. अंगभर चिखल, चष्मा गेलेला. मी चिडून म्हटलं, एक मासा, मॅडम. बीळ बीळच असतं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला असता. त्या धापा टाकत म्हणाल्या, "नाही सर. दुसऱ्याच्या घरात गेला की मार खातो. मी त्याला उचलला, मार त्यानं का खायचा?"

या रीतीकडं मी तेव्हा एका भल्या बाईचा हट्ट म्हणून पाहिलं. तो हट्ट त्यांना कुठवर घेऊन जाईल याचा मला अंदाज नव्हता.

त्या चिखलावर गावातल्या बायका निवट्या, शिवल्या म्हणजे शिंपल्या, चिंबोऱ्या म्हणजे मोठे खेकडे धरत. त्यातली बेबीताई ही मॅडमची खास. उंच, हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ. गावातल्या बहुतेकांनी जमिनी गोडाऊनला देऊन चिखलातून पाय मोकळे केले होते, पण बेबीताईच्या नवऱ्याचा वाटा कधीच संपला होता आणि नवराही. तिला तो चिखल होता. निवट्या पकडायच्या आणि भिवंडीच्या बाजारात बसायचं. मॅडम आणि ती दोघी फळ्यांवर शेजारी शेजारी सुटत, तेव्हा बेबीताई पुढं जाई आणि मागं वळून हसे. ती मला एकदा म्हणाली होती, "मास्तर, ही आमची कोठी हाय. घरान काय नसला तरी हितसून हात हालवत कदी गेलू न्हाय."

आता त्या झाडांकडं येतो.

मी कॉलेजात येण्याआधीच मॅडमनी पोरांना घेऊन त्या चिखलाच्या अर्ध्या भागात तिवराची रोपं लावली होती. तिवर म्हणजे खाडीतलं खाऱ्या पाण्यावर जगणारं झाड. खाडीकाठची तिवरं गोडाऊनच्या भरावाखाली जात होती, सगळीकडं आरडाओरडा होता, आणि मॅडम तरुण होत्या. झाडं जगली. नुसती जगली नाहीत, फोफावली. कॉलेजला त्यावर बक्षीस मिळालं. हातात रोप घेतलेल्या मॅडमचा मोठा फोटो प्रवेशद्वारात लागला. येणाऱ्या प्रत्येक तपासणी समितीला आमचे प्राचार्य आधी तिथं उभं करत आणि मग चहाला नेत. उरलेल्या अर्ध्या चिखलातही येत्या पावसाळ्यात झाडं लावायची, असा बेत ठरला होता. पोरांचे टी-शर्टसुद्धा छापून झाले होते.

आणि त्याच सुमारास बेबीताईच्या टोपलीतल्या निवट्या कमी झाल्या. आधी कमी, मग त्या झाडांच्या बाजूला नाहीतच. शिवल्याही गेल्या. बायका उरलेल्या अर्ध्यात गर्दी करू लागल्या, आपसांत भांडू लागल्या.

दोषी कोण, यावर गावात दुमत नव्हतं. वरच्या अंगाला एक डाईंगचा कारखाना होता. त्याचं पाणी नाल्यातून खाडीत येई, एक दिवस जांभळं, एक दिवस हिरवं. बेबीताईचा दीर दामूशेठ, दोन गोडाऊनांचा मालक आणि गावातला वजनदार माणूस, यांनी तक्रार करायचं मनावर घेतलं. वकील ठरला. भरपाई मिळेल, बायकांच्या हातात काही पडेल, असं सगळे बोलू लागले. फक्त शास्त्र जाणणाऱ्या माणसाचं म्हणणं हवं होतं. ते मॅडमशिवाय कोण देणार? दामूशेठ कॉलेजात पेढे घेऊन आले होते. माझ्या टेबलावर बसून म्हणाले, "मॅडमनी नुसता सांगायचा, पान्यान मासली मेली. दिसतंय त सगल्यांना."

दिसत होतं खरंच. मलाही दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, आधी बघते.

त्या बघत राहिल्या. कितीतरी ओहोट्या. मी विचारलं की काही सांगत नसत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून नुसत्या बसून राहत. एक दिवस म्हणाल्या, चला. या वेळी विद्यार्थी नव्हते. मला त्यांनी आधी डाईंगच्या नाल्याच्या तोंडाशी नेलं. पाणी गढूळ तांबडं, कडेला फेस. बसलो, थांबलो. आणि त्या घाणीत, उघड्या चिखलावर, निवट्या आल्या. उड्या मारत होत्या. मग त्या मला झाडांच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथवर ते रंगीत पाणी नीट पोचतही नाही. गार सावली होती, बगळे बसले होते, कुणालाही फोटो काढावासा वाटेल अशी जागा. तिथंही थांबलो. कुणी आलं नाही. त्यांनी मला खाली वाकून हात लावायला सांगितलं. चिखल राहिला नव्हता, तळव्याला घट्ट लागत होता. मुळांनी गाळ धरून ठेवला होता, जमीन वर आली होती, भरतीचं पाणी वरचेवर पोचेनासं झालं होतं आणि बिळं सुकली होती.

"सर, सायीला ऊन लागतं," त्या म्हणाल्या. "मी इथं सावली केली."

मी म्हटलं, झाड लावणं हा काही गुन्हा नाही. त्या म्हणाल्या, झाड चांगलंच आहे, बांधाच्या कडेला लावलं असतं तर. त्याची जागा तिथं होती. हे उघडं पटांगण दुसऱ्याचं घर होतं. "मी झाडाला दुसऱ्याच्या बिळात सोडलं." एवढं बोलून त्या चष्मा पुसत बसल्या, आणि मीही दुसरीकडं बघत बसलो.

आमच्या प्राचार्यांना त्यांनी सगळं सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजावलं की मॅडम, निवृत्ती जवळ आली आहे, इतकं नाव आहे, पुढची लागवड काहीतरी कारण काढून लांबवू, तुम्ही गावाला काही सांगू नका. कारखान्याचं पाणी घाण आहे हे काही खोटं नाही. मीही त्याच मताचा होतो. याला आपल्याकडं हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असं मी त्यांना बजावलं. त्या म्हणाल्या, लांबवलेली लागवड मी गेल्यावर कुणीतरी करेल. माझाच फोटो दाखवून करेल.

गावची बैठक मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात भरली. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. बेबीताई पुढं बसली होती, मॅडमसाठी शेजारी जागा धरून. वकील आले होते, दामूशेठनी नारळ दिला, दोन शब्द बोलले आणि मॅडमच्या हातात माइक दिला.

मॅडम अगदी थोडं बोलल्या. आधी त्यांनी सांगितलं की डाईंगचं पाणी वाईट आहे, ते बंद व्हायलाच हवं, आणि त्यासाठी त्या लागेल तिथं येतील. मग म्हणाल्या, "पण निवट्या त्या पाण्यानं गेल्या नाहीत. नाल्याच्या तोंडाशी त्या अजून आहेत, उद्या कुणीही येऊन बघा. त्या गेल्या माझ्या झाडांनी. जागा मी निवडली होती. तुम्हाला कुणालाही न विचारता निवडली होती. उरलेल्या अर्ध्यात आता एकही झाड लागता कामा नये, आणि कुणी लावायला आलं, माझ्या कॉलेजचं आलं तरी, त्याला परत पाठवा."

मंडपात एकदम गलका झाला. पोरं उठून उभी राहिली. कुणी म्हणालं, कारखानेवाल्यानं बाईला फोडली. कुणी त्याहून वाईट बोललं, ते लिहीत नाही. वकील चूपचाप कागद आवरू लागले. मॅडम माइक हातात धरून तशाच उभ्या होत्या. सगळं ऐकून घेत होत्या.

दामूशेठ ओरडले नाहीत. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, खोटा नको व्हता बोलाला. पन गप ऱ्हायल्या असत्या तरी चालला असता."

मॅडम म्हणाल्या, "गप राहिले असते तर उरलेला अर्धाही गेला असता, शेठ."

बेबीताई उठली, पदर खोचला आणि मॅडमच्या अंगावरून निघून गेली. त्या सगळ्या गलक्यात मॅडमना लागलं ते तेवढंच, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. भिवंडी येईपर्यंत त्या रडत होत्या.

पुढं व्हायचं ते झालं. गावाची तक्रार बारगळली. पण पावसाळ्यातली लागवडही बारगळली. ती रोपं मॅडमनी बांधाच्या कडेला, जिथं बांध खचत होता तिथं लावून घेतली, कारण रोपांनी कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं. प्राचार्य तो फोटो काढायला निघाले तर मॅडमनी काढू दिला नाही. त्याच्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पट्टी चिकटवली: 'जागा चुकली. झाडाची चूक नाही.' समित्या येतात, वाचतात, आणि आमचे प्राचार्य त्यांना जरा लवकर चहाला नेतात.

मी एकदा त्यांना म्हटलं, ती झाडं तोडून टाका की. त्या म्हणाल्या, तिवर तोडायला कायद्यानं बंदी आहे, परवानगीसाठी कोर्टापर्यंत जावं लागतं. मी म्हटलं, तुमची झाडं, तुमची चूक, तुम्हाला कोण अडवणार? त्यावर त्या माझ्याकडं बघून हसल्या. "कायदा बरोबर आहे सर. आज माझ्यासाठी वाकवला तर उद्या गोडाऊनसाठी वाकेल." म्हणजे झाडं काढता येत नाहीत, आणि ती तर दर पावसाळ्यात बिया टाकणार. तिवराची बी शेंगदाण्यापेक्षा जरा मोठी, चपटी, पडतानाच कोंब धरलेली. ओहोटीच्या पाण्याबरोबर ती उघड्या चिखलावर जाते आणि रुजते. निवट्यांचं उरलेलं अर्धं गाव असं आपोआप गेलं असतं, कुणी टी-शर्ट न घालता.

म्हणून मॅडम वेचू लागल्या. दर पावसाळ्यात, ओहोटी लागली की फळी टाकायची आणि उघड्या चिखलावर आलेल्या बिया रुजायच्या आत वेचायच्या. पोतं पाठीला. भरलं की बांधावर आणायचं आणि कडेला, योग्य जागी टोचायच्या. एकटीनं. निवृत्त झाल्यावरही. विद्यार्थ्यांना त्या बोलवत नसत, चूक माझी आहे म्हणत. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा रुतलो, आणि मला बाहेर काढण्यात त्यांची ओहोटी फुकट गेली. त्यानंतर मला बांधावर बसून राहायची शिक्षा झाली. बेबीताई तिथंच असे, उरलेल्या चिखलावर निवट्या धरत. दोघी एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आणि हाक कुणी मारत नसे. गावातून मॅडमना चहा विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. मला ते बघवत नसे. मी खूप माणसं पाहिली आहेत जी चूक कबूल करतात आणि मग कबूल केल्याबद्दल आयुष्यभर शाबासकी वसूल करतात. चूक कबूल करून नंतर रोज तिच्याकडं कामाला जाणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

गेल्या पावसाळ्यात त्यांचे गुडघे संपले. एवढी वर्षं एका गुडघ्यावर तोललेलं शरीर, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी चिखल बंद केला. नाशिकला भाचीकडं राहायला जायचं ठरलं. जाण्याआधी एक ओहोटी करू म्हणाल्या. मी रिक्षा आणली, फळी टपावर बांधली.

त्या बांधावरून हळूहळू उतरल्या. फळीवर गुडघा टेकताना चेहरा वेडावाकडा झाला, पण सुटल्या. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं. मी नेहमीच्या जागी बसलो. त्या वेचत वेचत आत गेल्या, आणि झाडांपासून बऱ्याच लांब, उघड्या चिखलाच्या मध्यावर थांबल्या. बहुधा पाय चालेना. नुसत्या फळीवर बसून राहिल्या, पाठ वाकलेली.

बेबीताई पलीकडं होती. तिनं पाहिलं. तिची फळी वळली. मी उठून उभा राहिलो, कारण ती काय करेल ते मला कळेना. ती मॅडमजवळ आली, थांबली, आणि तिनं कमरेची ओटी सोडून मॅडमच्या पोत्यात उलटी केली. ओटीभर तिवराच्या बिया. वारा माझ्याकडं होता म्हणून तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"वाटेन व्हत्या," ती म्हणाली. "रोजच अस्तान. मी येचते कदीची. तुमाला कोन सांगल?"

बेबीताईनं आपली फळी त्यांच्या फळीला लावली आणि तीही बसली. दोघी गप्प. मी हलकेच खाली बसलो.

थोड्या वेळानं त्यांच्यापासून हातभर अंतरावर चिखलाला भोक पडलं. दोन डोळे वर आले. मग दुसरीकडं, मग सगळीकडं. खेकडे नांग्या हलवू लागले. एक निवटा सरपटत आला, मॅडमच्या फळीच्या वर उचललेल्या टोकाशी थांबला आणि कोपरं टेकत तिच्यावर चढला. तिथं बसून त्यानं पाठीवरचा पर उघडला. दोघी हलल्या नाहीत.

मॅडम आता नाशिकला असतात, फोनवर गुडघ्यांविषयी तक्रार करतात. फळी बेबीताईकडं आहे. पण मला डोळे मिटले की त्याच दिसतात, त्या पटांगणात बसलेल्या, त्यांच्याभोवती ते अख्खं गाव आपापल्या कामाला लागलेलं. चिखल त्यांना विसरला होता. भरतीचं पाणी दिसायला लागलं तरी मी हाक मारली नाही. त्या दोघींना भरती माझ्यापेक्षा चांगली कळत होती.